सावरडो स्टार्टर आणि मित्रमंडळींत वाटायचा घरचा ब्रेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टार्टर म्हणजे नेमके काय?

स्टार्टर म्हणजे पीठ आणि पाणी यांचे आंबलेले, जिवंत मिश्रण; त्याने आंबवलेल्या ब्रेडला सावरडो म्हणतात. त्यात नैसर्गिक यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू एकत्र नांदत असतात. यीस्टमुळे कार्बन डायऑक्साइड वायू तयार होऊन कणीक फुगते, तर जिवाणूंमुळे लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल तयार होऊन ब्रेडला आंबूस चव येते. या दोघांचे पटते त्याला कारण आहे. अनेक स्टार्टरांमध्ये आढळणाऱ्या एका यीस्टला माल्टोज ही साखर पचवता येत नाही आणि त्या यीस्टच्या सोबतीने राहणाऱ्या जिवाणूला नेमकी तीच साखर प्रिय असते, त्यामुळे एकाच ताटात जेवूनही त्यांच्यात भांडण होत नाही. पक्व स्टार्टरचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ४ किंवा त्याहून खाली उतरतो आणि एवढ्या आम्लात बाहेरून आलेल्या बहुतेक जंतूंचा टिकाव लागत नाही. उघड्या बरणीतले ओले पीठ वर्षानुवर्षे सडत कसे नाही, याचे उत्तर या आम्लातच आहे.

बाजारातल्या यीस्टच्या पाकिटात मात्र बहुधा एकाच जातीचे यीस्ट असते. ते कणीक लवकर फुगवते, पण आम्ल तयार करण्याचे काम त्याच्याकडे नसते.

स्टार्टर स्वतः तयार करावा, की कोणाकडून मागून घ्यावा?

माझे मत स्पष्ट आहे: पहिला स्टार्टर मागून घ्यावा. शून्यातून तयार करायला १ ते २ आठवडे लागतात आणि त्या काळात नवखा माणूस हमखास गोंधळतो. कोंड्यासह दळलेले ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी एकत्र करून ठेवले की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मिश्रण एकदम उसळते. हे यश मानून लोक ब्रेड करायला घेतात आणि त्यांच्या हाती वीट लागते, कारण ती उसळी यीस्टची नसून सुरुवातीला वाढणाऱ्या वेगळ्या जिवाणूंची असते. आम्ल वाढले की ते जिवाणू मागे हटतात आणि मिश्रण दोन-चार दिवस निपचित पडते. ते मेले असे समजून नेमके याच वेळी ते फेकले जाते. खरे तर रोज थोडे मिश्रण काढून उरलेल्यात ताजे पीठ आणि पाणी घालत राहिले, तर पुढच्या काही दिवसांत यीस्ट जोम धरते.

मागून आणलेल्या स्टार्टरचा दुसरा फायदा असा की त्याच्यासोबत शंका विचारायला एक माणूसही मिळतो. एकदा हात बसला की स्वतःचा स्टार्टर शून्यातून अवश्य करून पाहावा, कारण त्यातून त्याची नाडी ओळखता येते.

त्याला खाद्य किती आणि केव्हा द्यावे?

खाद्य देणे, ज्याला सगळे ‘फीड करणे’ म्हणतात, म्हणजे जुन्या स्टार्टरचा थोडा भाग ठेवून त्यात ताजे पीठ आणि पाणी मिसळणे. प्रमाण नेहमी वजनाने मोजावे. वाटी-चमच्याने मोजलेले पीठ दर वेळी वेगळे भरते. १:१:१ म्हणजे एक भाग स्टार्टर, एक भाग पीठ आणि एक भाग पाणी. उष्ण हवेत हे मिश्रण फार लवकर पिकते, तेव्हा १:५:५ असे प्रमाण घेतले की त्याला वेळ पुरतो. बाहेर ठेवलेल्या स्टार्टरला दिवसातून एक-दोन वेळा, तर फ्रीजमधल्या स्टार्टरला आठवड्यातून एकदा खाद्य पुरते.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल, तर ते रात्रभर उघडे ठेवून मग वापरावे. झाकण मात्र कधीही घट्ट लावू नये, कारण आत वायू साठून काचेची बरणी फुटू शकते.

दर वेळी अर्धा स्टार्टर टाकून द्यायचा, हे मनाला पटत नाही. काही उपाय?

उपाय आहे, आणि तो म्हणजे मुळातच कमी ठेवणे. पुष्कळ जण २००-३०० ग्रॅम स्टार्टर सांभाळत बसतात, ज्याची घरगुती ब्रेडसाठी काहीच गरज नसते. फ्रीजमध्ये फक्त २० ग्रॅम ठेवावा. ब्रेड करण्याच्या आदल्या रात्री त्यात ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी घालावे, म्हणजे सकाळी १२० ग्रॅम तयार मिळतो. त्यातला १०० ग्रॅम कणकेत जातो आणि २० ग्रॅम पुन्हा बरणीत राहतो. टाकायला काही उरतच नाही. कोणाला द्यायचा असेल, तर त्या रात्री पीठ आणि पाणी प्रत्येकी १५ ग्रॅम वाढवावे, म्हणजे मित्राच्या वाट्याचा ३० ग्रॅम वेगळा निघतो. म्हणूनच ‘उरला म्हणून दिला’ यापेक्षा ‘देण्यासाठी वाढवला’ ही पद्धत मला जास्त बरी वाटते. देणारा ताजा, जोमदार स्टार्टर देतो आणि घेणाऱ्याची सुरुवात चांगली होते.

त्यातूनही उरलाच, तर तो भाजून किंवा तव्यावर शिजवून खायच्या कोणत्याही पदार्थात मिसळता येतो. कच्चा मात्र चाखू नये, कारण कच्च्या पिठातही साल्मोनेला किंवा ई. कोलाय यांसारखे जंतू असू शकतात.

स्टार्टर तयार झाला, हे कसे ओळखावे?

बरणीला रबर लावून खाद्य दिल्यावरची पातळी नोंदवावी. २४ ते २६ अंश सेल्सिअसला स्टार्टर ४ ते ८ तासांत दुप्पट होत असेल आणि सलग काही दिवस तसाच वागत असेल, तर तो ब्रेडला लावण्याजोगा आहे. चमचाभर स्टार्टर पाण्यात तरंगतो का, ही परीक्षा प्रसिद्ध असली तरी तिच्यावर विसंबू नये. ढवळल्याने वायू निघून गेला, तर चांगला स्टार्टरही बुडतो.

वर काळपट पाणी आले आहे, वासही उग्र येतो. खराब झाला का?

नाही, तो भुकेला आहे. ते पाणी ओतून टाकावे किंवा ढवळून घ्यावे आणि दोन-तीन वेळा खाद्य द्यावे. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वासही भुकेचेच लक्षण आहे.

मात्र गुलाबी किंवा नारिंगी छटा अथवा रेघा दिसल्या, किंवा लव असलेली बुरशी आली, तर वरचा थर काढून खालचा वाचवण्याचा मोह टाळावा आणि सगळाच टाकून द्यावा. असा स्टार्टर कोणाला देणे तर दूरच, पण तो ज्या बरणीत होता ती बरणीही उकळत्या पाण्याने धुतल्याखेरीज वापरू नये.

मित्राला स्टार्टर देताना कोणती काळजी घ्यावी?

पहिली गोष्ट म्हणजे, मागितल्याशिवाय देऊ नये. स्टार्टर ही शोभेची वस्तू नाही. तो घरी आला की त्याच्यामागे दर आठवड्याचे एक काम लागते. भिडेखातर घेतलेली बरणी फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात जाते, महिन्याभराने देणाऱ्याने चौकशी केली की घेणारा ओशाळतो आणि एका चांगल्या मैत्रीत विनाकारण अवघडलेपण येते. ज्याला फक्त ब्रेड आवडतो त्याला ब्रेडच द्यावा.

दुसरी गोष्ट वेळेची. फुगून माथ्यावर आलेला स्टार्टर देऊ नये, कारण तो प्रवासात उतू जातो किंवा घरी पोहोचेपर्यंत उपाशी होतो. नुकतेच खाद्य दिलेला द्यावा आणि बरणी निम्म्याहून जास्त भरू नये. प्रवास लांबचा असेल तर त्याचा घट्ट गोळा करावा: २० ग्रॅम स्टार्टर, ४० ग्रॅम पीठ आणि २० ग्रॅम पाणी मळून घेतले की पातळ मिश्रणापेक्षा तो सावकाश पिकतो आणि सांडतही नाही. पोहोचल्यावर त्याचा तुकडा पाण्यात कालवून नेहमीसारखे खाद्य द्यावे.

तिसरी गोष्ट चिठ्ठीची, जिच्याकडे जवळपास सगळेच दुर्लक्ष करतात. बरणीवर कोणते पीठ वापरले, पीठ-पाण्याचे प्रमाण किती आणि शेवटचे खाद्य कोणत्या दिवशी, किती वाजता दिले, एवढे तरी लिहावे. राय (गव्हासारखे एक धान्य) याच्या पिठावर वाढलेला स्टार्टर एकदम मैद्यावर आणला, तर दोन-तीन दिवस तो मंदावतो. चिठ्ठी नसेल तर घेणाऱ्याला वाटते की आपलेच काही चुकले.

टपालाने पाठवता येतो का?

वाळवून सहज पाठवता येतो. पिकलेला स्टार्टर बेकिंग पेपरवर अगदी पातळ पसरावा आणि खोलीच्या तापमानाला एक-दोन दिवस कडकडीत वाळू द्यावा. घाई करून गरम ओव्हनमध्ये वाळवू नये, कारण ५५ ते ६० अंशांना यीस्ट मरू लागते. समान पीठ-पाण्याचा २० ग्रॅम स्टार्टर वाळून साधारण १० ग्रॅम उरतो. म्हणून १० ग्रॅम चुरा जिवंत करताना तेवढेच किंवा थोडे जास्त कोमट पाणी घालून काही तास भिजू द्यावे, मग नेहमीसारखे खाद्य सुरू करावे. पूर्ववत जोम यायला ३-४ दिवस लागतात. हवाबंद आणि कोरड्या डबीत हा चुरा अनेक महिने टिकतो, म्हणून स्वतःसाठीही थोडा बाजूला ठेवावा.

माझाच स्टार्टर मित्राने नेला, तरी त्याच्या ब्रेडची चव वेगळी का येते?

कारण चवीत स्टार्टरच्या मूळ घराण्यापेक्षा रोजच्या संगोपनाचा वाटा मोठा असतो. पीठ, तापमान, पाण्याचे प्रमाण आणि खाद्य देण्याची वारंवारता बदलली की जिवाणू आणि यीस्ट यांचा समतोल बदलतो. पातळ, उबदार स्टार्टरमध्ये चव दह्याच्या अंगाने सौम्य होते, तर घट्ट आणि थंड ठेवलेल्यात व्हिनेगरसारखी तीक्ष्ण होऊ शकते.

स्टार्टरची चव त्याच्या गावावर ठरते, हा समज फार लोकप्रिय आहे. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रेडमधील जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध झाले, पुढे त्याला त्या शहराचेच नाव मिळाले आणि हा समज अधिक पक्का झाला. मात्र तोच जिवाणू नंतर इतर देशांतल्या स्टार्टरांतही सापडला. २०२१ मध्ये चार खंडांतून गोळा केलेल्या ५०० स्टार्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही स्टार्टर कोणत्या भूभागातला आहे यावरून त्यातील सूक्ष्मजीवांचा अंदाज फारसा बांधता येत नाही, असेच दिसले. तेव्हा मित्राचा ब्रेड वेगळा लागला तर त्याने काही बिघडवले असे समजू नये.

शंभर वर्षे जुना स्टार्टर अधिक चांगला असतो का?

फुगवण्याच्या दृष्टीने नाही. नीट सांभाळलेला दोन महिन्यांचा स्टार्टर तितकेच काम करतो. जुन्या स्टार्टरचे महत्त्व त्याच्या प्रवासात असते. कार्ल ग्रिफिथ या अमेरिकन गृहस्थांच्या कुटुंबात १८४७ पासून चालत आलेला स्टार्टर त्यांनी मागेल त्याला फुकट वाटला आणि २००० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर स्वयंसेवकांनी तो वाळवून टपालाने पाठवण्याचे काम पुढे चालू ठेवले. तो इतकी वर्षे टिकला, कारण तो एका बरणीत अडकून राहिला नाही.

वाटण्यासाठी म्हणून एखादी खात्रीची मूळ कृती कोणती?

५०० ग्रॅम पीठ, ३५० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम पिकलेला स्टार्टर आणि १० ग्रॅम मीठ. पिठात प्रथिने ११ ते १३ टक्के असावीत. पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवावे, मग स्टार्टर आणि मीठ मिसळावे. पहिल्या दोन तासांत दर अर्ध्या तासाने कणकेच्या कडा ओढून मध्यावर दुमडाव्यात. २४ ते २६ अंशांना एकूण ४ ते ६ तासांत कणीक दीडपट ते पावणेदोनपट होते. त्यानंतर घट्ट आकार द्यावा, पिठी शिंपडलेल्या कापडाच्या टोपलीत ठेवावे आणि ८ ते १६ तास फ्रीजमध्ये विसावू द्यावे.

झाकणाचे जाड भांडे ओव्हनमध्ये २४० अंशांना चांगले तापवावे, कणकेवर पात्याने चीर द्यावी, झाकण लावून २० मिनिटे आणि झाकण काढून आणखी २० ते २५ मिनिटे भाजावे. झाकणामुळे कणकेतली वाफ आतच कोंडते, त्यामुळे कवच लगेच कडक होत नाही आणि ब्रेडला फुगायला अवकाश मिळतो. आतले तापमान ९६ ते ९८ अंश झाले की ब्रेड भाजला.

वाटायचे असेल तर एका वेळी दोन करावेत. कष्ट जेमतेम थोडे वाढतात आणि दुसरा ब्रेड निःशंक मनाने देता येतो.

ब्रेड चपटा किंवा गिचका होतो. दोष स्टार्टरचा का?

कधीकधी असतो, पण बहुतेक वेळा दोष घड्याळाचा असतो. कृतीत ‘५ तास’ लिहिलेले असते, म्हणून लोक ५ तासच थांबतात. वास्तविक कणीक तापमानाप्रमाणे चालते. ३० अंशांच्या वर जी कणीक साडेतीन तासांत तयार होते, तीच २० अंशांना ८ तास घेते. म्हणून मी सरळ कडांचे, पारदर्शक भांडे वापरतो आणि घड्याळाऐवजी पातळी पाहतो.

कापलेला ब्रेड स्वतःच बरेच काही सांगतो. आत दोन-चार मोठी भुयारे आणि बाकी भाग दाट, ओलसर असेल, तर कणीक पुरेशी आंबलेली नव्हती. ब्रेड पसरट झाला, चीर उमलली नाही, भोके बारीक आणि चव जास्त आंबट असेल, तर कणीक मर्यादेपलीकडे आंबली. अशा वेळी आम्ल आणि विकरे (एन्झाइम) यांनी ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, जाळे सैल केलेले असते आणि वायू धरून ठेवायला काही उरत नाही. सारे बरोबर असूनही आतून चिकट लागत असेल, तर एकच प्रश्न विचारावा: गरम असतानाच कापला का? ओव्हनमधून काढल्यावरही आतला स्टार्च घट्ट बसत असतो, त्याला किमान एक-दोन तास द्यावे लागतात. मित्र दारात उभे असताना हे फार कठीण जाते, हे मला मान्य आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी. एकाच स्टार्टरवर चार घरांत ब्रेड होत असेल आणि चौघांनी आपापल्या नोंदी ताडून पाहिल्या, तर एकट्याला वर्षभरात कळेल ते दोन महिन्यांत कळते.

भेट द्यायचा ब्रेड कसा बांधावा आणि तो किती टिकतो?

पूर्ण गार झाल्यावर कागदात किंवा सुती कापडात बांधावा. गरम ब्रेड प्लॅस्टिकमध्ये घातला की आत पाणी सुटते आणि कवच मऊ पडते. आम्लामुळे तो ३-४ दिवस चांगला राहतो. अखंड देण्यापेक्षा अर्धा देण्यात कमीपणा मानू नये, कारण लहान कुटुंबाला मोठा ब्रेड संपवणे जड जाते. फ्रीजमध्ये ठेवू नका, असे आवर्जून सांगावे. त्या तापमानाला स्टार्च लवकर घट्ट होऊन ब्रेड शिळा लागतो. जास्त दिवस ठेवायचा असेल तर काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि थेट भाजून घ्यावेत.

सावरडो ब्रेड ग्लुटेन न चालणाऱ्यांना चालतो का?

सीलिॲक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार असलेल्यांना अजिबात चालत नाही. आंबवल्याने ग्लुटेनचा काही भाग मोडत असला, तरी गव्हाच्या घरगुती ब्रेडमध्ये त्यांना अपाय होईल इतके ग्लुटेन शिल्लक राहतेच. याबाबत ‘थोडासा खाऊन बघ’ असा आग्रह कोणालाही करू नये. तसेच ब्रेडमध्ये तीळ, सुकामेवा, दूध किंवा अंडे घातले असेल, तर देतानाच सांगावे.

एकाने तिघांना द्यायचा आणि त्यांनी पुढे तिघांना, अशी साखळी सुरू करावी का?

गोड ब्रेडच्या स्टार्टरची अशी दहा-दहा दिवसांची साखळी बऱ्याच ठिकाणी प्रसिद्ध आहे. कल्पना मोहक आहे, पण हिशेब करून पाहावा. प्रत्येकाने तिघांना दिला, तर पाचव्या फेरीत २४३ आणि दहाव्या फेरीत ५९,०४९ नवी माणसे लागतात. म्हणजे तीन-चार फेऱ्यांतच ओळखीची माणसे संपतात आणि मग पिशवी घेऊन कोणी येताना दिसले की लोक वाट बदलतात. त्यापेक्षा चार-पाच इच्छुकांनी एकच स्टार्टर आपापल्या घरी ठेवावा आणि पाळीपाळीने सगळ्यांसाठी ब्रेड भाजावा.

मित्राने दिलेला स्टार्टर माझ्या हातून मेला. पुन्हा मागायला संकोच वाटतो.

आधी तो खरोखर मेला का, ते पाहावे. फ्रीजमध्ये दोन-तीन महिने विसरलेला स्टार्टरही बुरशी नसेल तर बहुधा उठतो. ५ ग्रॅम घेऊन १:५:५ प्रमाणात खाद्य देत चार-पाच दिवस वाट पाहावी.

तरीही उठला नाही, तर निःसंकोच मागावा. मी एकदा घाईत बरणीतला सगळा स्टार्टर कणकेत ओतला आणि ब्रेड ओव्हनमध्ये गेल्यावर रिकाम्या बरणीकडे माझे लक्ष गेले. दोन वर्षांपूर्वी ज्या मैत्रिणीला तो दिला होता, तिच्याकडूनच तो दुसऱ्या दिवशी परत आणला. तिच्याकडे तो माझ्यापेक्षा चांगला फुगत होता. मागायला जाताना स्वच्छ, कोरडी बरणी आणि नुकताच भाजलेला अर्धा ब्रेड सोबत न्यावा. माझ्याकडे त्या दिवशी तो आयताच होता.